बांधावर राहिलेले पाय

हसुरामनानांच्या पायांबद्दल मला आजही ठामपणे काही सांगता येत नाही. एरवी मी ठाम बाई आहे. लोकांना व्यायाम द्यायच्या धंद्यात पडल्यापासून माझं बोलणंच तसं झालंय. गुडघा वाकवा म्हटलं की वाकवायचा, दुखतंय म्हणून कुरकुर करायची नाही. पेणला पोह्यांच्या गिरणीच्या माडीवर माझ्या दोन खोल्या होत्या. खालून भाजक्या भाताचा वास यायचा आणि वर मी लोकांचे आखडलेले खांदे सोडवत बसायची. माझ्या आवाजाला घाबरून बरे झालेले पेशंट अजून बाजारात भेटतात. पण नानांचा विषय निघाला की माझं 'असं आहे' जाऊन 'असं असावं बहुतेक' सुरू होतं.

नाना माझ्याकडे आले नाहीत, मीच त्यांच्याकडे गेले. ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. दर गुरुवारी सकाळच्या गाडीने मी रोह्याला जायची, तीन-चार घरी व्यायाम द्यायची आणि दुपार टळल्यावर परत निघायची. त्यातलं एक घर सुनंदाचं. तिचा नवरा वसंत तिथल्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी लोखंडी पलंगावर तिचे वडील असायचे, हसुराम म्हात्रे. पन्नाशी ओलांडलेली, छाती रुंद, हात दांडगे, मिशी झुबकेदार. कमरेवर पांघरूण असताना बघितलं तर वाटावं, गावचा कोणी कारभारी लेकीकडे पाहुणा आलाय आणि निवांत पडलाय. पांघरुणाखाली मात्र काहीही हलत नव्हतं.

मी आत पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, पायांकडे बघितलं.

"गो बाय, चपला भायेर काढ."

"बाहेरच्या काढल्यात नाना. ह्या घरात घालायच्या. माझी टाच दुखते."

"दुकंल नाय तर काय? तिला तू कदी जमीन दावलीस?"

डिग्रीवाल्या बाईला असं कोणी बोललं की राग येतो. मला आलाच. पण का कोण जाणे, चपला काढल्या. त्या खोलीत मी पुढे कायम अनवाणीच वावरले.

नानांचं गाव पेणच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. खाडीचं पाणी मातीच्या बांधाने अडवून मागे जी भातशेती करतात तिला आमच्याकडे खार म्हणतात. पावसाळ्यात नाना खारीत भात लावायचे, पुढे आठ महिने मिठागरात काम करायचे. मिठागराची जमीन पायांनी चोपून चोपून घट्ट करावी लागते, नाहीतर मिठात चिखल येतो. म्हणजे माणसाचं बारा महिन्यांचं काम पायांनीच. आणि त्यावर गावाने न सांगता दिलेलं एक काम होतं, बांध बघायचं. बांधात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बिळं करतात, बिळातून पाणी झिरपतं, आणि मोठ्या उधाणाला तेवढी जागा फुटून सगळी खार खारट होते. एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं भात नाही. नाना रोज अनवाणी बांधावरून चालायचे आणि सांगायचे, हितं पोकल हाय, हितं खना.

हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं, चांगूबायने. त्या महिन्यातून एकदा सुकटीची पिशवी घेऊन गावाहून रोह्याला यायच्या आणि पलंगाच्या कडेला बसून नवऱ्याची गाऱ्हाणी नवऱ्यासमोरच सांगायच्या. एकदा म्हणे खात्याचा एक साहेब बांध तपासायला आला. बुटात चालला आणि म्हणाला, बांध उत्तम आहे. नानांनी त्याला एका जागी थांबवलं आणि बूट काढायला लावले. "काय लागतंय साहेब?" साहेब म्हणाला, गार लागतंय. "आता हिकरं या. हितं काय लागतंय?" इकडे चटका बसत होता, भर दुपारची वेळ. "सगला बांद तापलाय, मंग तेवरीच जागा गार का?" साहेबाने मुकाट्याने बूट चढवले आणि दुरुस्तीचा कागद केला. चांगूबायने ही गोष्ट मला तीन वेळा सांगितली, आणि तिन्ही वेळा नाना खिडकीबाहेर बघत पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे गप्प राहिले.

बांधात पाणी सोडायला-अडवायला दगडी दरवाजा असतो, त्याला उघाडी म्हणतात. पावसाआधी उघाडीच्या फळ्या बदलताना नाना कठड्यावरून मागे पडले, खालच्या दगडांवर, पाठीवर. गावकऱ्यांनी त्यांना जीव लावून उचललं, चौघांनी कवेत घेऊन टेम्पोत बसवलं आणि बसवूनच दवाखान्यात आणलं. मोडलेल्या कण्याच्या माणसाला बसवू नये, फळीवर आडवा आणावा, हे त्यांना कोण सांगणार? मणका मोडून आतली मज्जारज्जूची दोरी चेचली गेली. बेंबीच्या खाली ना हालचाल, ना स्पर्श. मुंबईला ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सुनंदाला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं, आणि घर सपाट, दवाखाना जवळ म्हणून नाना गावाऐवजी रोह्याला आले.

पहिल्या दिवशी मी टाचणीने तपासलं. बेंबीखाली कुठेही टोचलं तरी नाना प्रामाणिकपणे 'नाय' म्हणायचे. पाऊल, पोटरी, मांडी, नाय, नाय, नाय. मी कागदावर शून्य लिहिलं आणि पांघरूण नीट केलं. तेव्हा ते म्हणाले, "बाय, ता डावा पाय जरा भायेर काढशील?"

"कशातून बाहेर?"

"चिखलातून. घोट्यापावत रुतलाय कवाचा."

मी पांघरूण उचलून बघितलं. पाय सरळ, कोरडा, स्वच्छ चादरीवर. मी तो दाखवलाही. नानांनी मान वर करून पायाकडे नीट निरखून बघितलं आणि पुन्हा उशीवर डोकं ठेवलं.

"ह्यो व्हय," ते म्हणाले, "ह्यो नाय. माज्या पायाचा सांगतो मी."

मला ते त्या वेळी धड कळलंही नाही. तुटलेल्या पायाला खाज सुटते हे शिकले होते. पण हे पाय तुटलेले नव्हते, समोर होते. त्यांना काही लागत नव्हतं, आणि त्याच वेळी कुठल्या तरी दुसऱ्या पायांना सगळं लागत होतं. उजवा कोरड्यात, डावा चिखलात, असं ते दर गुरुवारी सांगायचे. मी दर गुरुवारी लिहून घ्यायची आणि गाडीत वाचून आणखी गोंधळायची. चांगूबायला त्याचं काहीच वाटायचं नाही. "पाय बरं व्हतं तवा ह्यो घरान नव्हता," त्या म्हणायच्या, "आता ह्यो घरान हाय तर पाय बांदावर."

नानांना एकच गोष्ट हवी होती: गावी परत जायचं. आणि गावी जायचं ते बांध बघणारा म्हणून, कोपऱ्यातलं गाठोडं म्हणून नाही. "हितं मी कोन? सुनंदाचा बापूस. थितं मी हसुराम हाय." सुनंदाचा जीव वर-खाली व्हायचा. गावातल्या घराला उंच पायऱ्या, दवाखाना लांब, पाठीला जखम झाली तर बघणार कोण? दोघंही माझ्याकडे बघायची, आणि मी व्यायामाला लागायची.

त्यात पिठोरीची अमावास्या आली, तीही नेमकी गुरुवारी. मी पोचले तर घरात तंग वातावरण. नानांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. त्यांचा डावा तळवा ओला गार पडला होता, म्हणजे त्या दुसऱ्या पायाचा. "मोठ्या उघारीच्या डाव्या हाताला, धा पावलांवर. आज उधान हाय. दुपारच्या भरतीच्या आंदी सांगा त्यांना."

वसंत रात्रपाळी करून आलेला, झोपेला आलेला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच समजवा. मी काय फोन करून सांगू? सासऱ्याच्या पायाला रोह्यात पाणी लागलं म्हणून गावातला बांध खणा?"

त्याचं काही चुकत नव्हतं. पण नाना घामाने डबडबले होते, आणि या अवस्थेत त्यांची नाडी अशी धावू देणं मला नको होतं. विषय एकदाचा मिटावा म्हणून मी कोपऱ्यावरच्या बूथवर गेले. त्या गावात एकच फोन, किराणा दुकानात. दुकानदाराला मी निरोप सांगितला. आवाज इतका खाली गेला होता माझा, की तो दोनदा म्हणाला, जरा मोठ्यानं बोला. परत येऊन नानांना सांगितलं, दिला निरोप. ते चहा प्यायले. मी सुटले असं मला वाटलं.

पुढच्या गुरुवारी सुनंदाने दार उघडलं तेच डोळे मोठे करून. गावातली माणसं कुदळी घेऊन गेली होती, हसुरामने सांगितलंय म्हणून. सांगितलेल्या जागी खणलं तर आत कोपरापर्यंत हात जाईल असं भगदाड. भरती चढायच्या आत त्यांनी ते चिकणमाती आणि पोत्यांनी बुजवलं, आणि खार वाचली.

नाना मिशीत हसत होते.

मग काय विचारता! गावातून माणसं येऊ लागली. कोणी वालाच्या शेंगा आणायचं, कोणी चिंबोऱ्या, आणि सगळे पलंगाच्या पायथ्याशी बसून त्या दोन निश्चल पावलांकडे आदराने बघायचे. नाना सकाळ-संध्याकाळ बांधाची खबर द्यायचे. त्यांची भूक वाढली, हात भक्कम झाले, उचलून बसवायला पूर्वी दोन माणसं लागायची ती आता लागेनात. दसरा झाला की तिघेजण येऊन त्यांना कायमचे घेऊन जाणार, पायऱ्यांच्या जागी उतार करणार, असं ठरलं. माझी पंचाईत अशी की तब्येतीच्या दृष्टीने हे सगळं चांगलंच होतं, आणि मला त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं.

समजलं ते एका ओल्या फडक्यामुळे. पाठीला जखम होऊ नये म्हणून मी त्यांना कुशीवर वळवून अंग पुसत होते. फडकं डाव्या बरगडीवरून, बगलेच्या चार बोटं खालून गेलं, आणि नाना म्हणाले, "पानी आलं."

"कुठे?"

"डाव्या टाचंला."

मी फडकं उचललं. पाणी गेलं. पुन्हा टेकवलं. पाणी आलं. मी त्यांच्या डोळ्यांवर पंचा टाकला आणि कोरडं बोट, ओलं बोट, उलटसुलट करून बघितलं. बरगडीवर जे लागायचं ते बरगडीवर लागायचंच, आणि तेच त्या दुसऱ्या पायालाही लागायचं. कागदावर मी बरगडीवरच्या त्या वीतभर जागेत अख्खं पाऊल काढू शकले, टाच मागे, अंगठा पुढे. मग मान वर केली तर पलंगाच्या बरोबर वर, डाव्या बाजूला, छपराचं फुटकं कौल.

"सुनंदा, पिठोरीच्या आठवड्यात हे गळत होतं का?"

"व्हय मॅडम, बुधवारपासून. बाबांची कूस भिजायची, मी फडकं ठेवायची. ते काही बोलायचेच नाहीत त्यावर."

कशाला बोलतील? कूस ओली झाली ती कौल गळतं म्हणून, एवढं त्यांना दिसत होतं. पाय ओला झाला तो बांधामुळे. दोन वेगळ्या गोष्टी.

मी मुंबईला माझ्या सरांना पत्र लिहिलं. सरांचं उत्तर आलं ते आंतर्देशीय पत्राच्या कडाकडांवरून फिरवून लिहिलेलं. मेंदूत पायांसाठी म्हणून राखलेल्या पेशी असतात. पाठीची दोरी तुटल्यावर त्यांच्याकडे खालून काहीच येत नाही. पण त्या गप्प बसत नाहीत, आणि त्यांना कोणी गप्प बसूही देत नाही. शेजारच्या पेशी, धडाच्या, बरगडीच्या, त्या जागेत शिरतात. पेशींची जुनी ओळख मात्र पायाचीच, म्हणून बरगडीला लागलेलं पायाला लागलं असं मेंदू समजतो. असं अलीकडे दिसू लागलंय. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'मोठ्या माणसाच्या मेंदूत असे बदल होत नाहीत असं मी तुम्हाला शिकवलं होतं. ते वहीतून खोडावे. आणि पेशंटला चालण्याची आशा मात्र देऊ नये.'

ते पत्र मी पर्समध्ये घालून दोन गुरुवार हिंडवलं. सांगावं की सांगू नये? वाटेतल्या निडी स्टेशनात गाडी समोरच्या गाडीसाठी थांबली की मी ते काढून वाचायची आणि परत घडी करायची. न सांगावं तर एक दिवस नाना म्हणतील बांध कोरडा आहे, गाव विश्वास ठेवील आणि खार जाईल. सांगावं तर त्या माणसाकडे उरतं काय?

दसरा झाला आणि तिघेजण खरंच आले. टेम्पो बाहेर उभा. सुनंदा स्वयंपाकघरात रडत होती. ती मला म्हणाली, "मॅडम, तुमचं ऐकतील. सांगा ना काय ते." आणि मी, ठाम बाई, बाहेर आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, दाखवलं. नानांच्या डोळ्यांवर पंचा टाकला, अंगठा तांब्यात बुडवला आणि बरगडीवर ठेवला.

"नाना, काय लागतंय?"

"टाचंला पानी," ते म्हणाले.

पंचा मी बाजूला केला. तिघेजण माझ्या अंगठ्याकडे बघत होते. नानांनीही बघितलं. त्यातला वयस्कर माणूस उठला, टोपी नीट केली, नानांच्या पावलांना सवयीने हात लावायला वाकला आणि मध्येच थांबला.

"बाय," नाना म्हणाले, "अंगठा काढ."

टेम्पो रिकामा गेला. मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते की मी योग्य तेच केलं. पण चारचौघांत करायची काय गरज होती, याचं उत्तर मला तेव्हाही सापडलं नाही आणि आताही नाही. मला त्याची लाज वाटते.

पुढचे दोन महिने नाना माझ्याशी बोलले नाहीत. व्यायाम करायचे, हात वर म्हटलं की वर, पण तोंड भिंतीकडे. काही लागलंच तर मला 'डॉक्टर' म्हणायचे. त्या एका शब्दाने मी किती दुखावले जात होते ते त्यांना पक्कं माहीत होतं.

थंडी पडली तेव्हा एका गुरुवारी त्यांनी आपण होऊन विचारलं, "ता कागदान काय हाय, ता वाच."

मी सरांचं पत्र वाचलं. अर्धं त्यांच्या डोक्यावरून जाईल म्हणून सोपं करायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"कललं. खारीन एकाद्याची जागा पडीक परते. मानूस मेला, नायतर मुंबयला गेला. शेजारी काय करतो? पैल्या वर्षी नुसता बगतो. दुसऱ्या वर्षी बांद वीतभर सरकवतो. पाचव्या वर्षी भात लावतो. पन गावान त्या जागंला नाव जुन्या मालकाचाच रहातो. असाच ना?"

"असंच," मी म्हटलं. सरांना हे कळवायला हवं होतं.

"मंग बाय," ते म्हणाले, आणि 'बाय' ऐकून माझे डोळे भरून आले, "मालक परत आला तर त्याला जागा मिलंल का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही नाना. खरंच माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली, अगदी समजूतदारपणे, जणू मलाच धीर देत होते.

"आणि भगदाड?" मी विचारलं. दोन महिने तेच माझं डोकं खात होतं. "पाणी तर कौलाचं होतं. मग जागा कशी बरोबर निघाली?"

चांगूबाय सुकट निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "पावसान बांद कुठंबी खना, गलतोच."

नाना खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "मी परलो त्या दिशी सकाली थितं चाललो व्हतो. मोठ्या उघारीच्या डाव्या हाताला. धाव्या पावलाला डावा पाय गार लागला. मनान म्हटलं, फल्या बसवल्या का सांगू सगल्यांना. मंग परलो. मंग इसरलो. तू दावलास ना अंगठा, त्या दिसापासून भिंतीकरं बगून इचार करत व्हतो. काल आठवला." आणि म्हणाले, "पाय खोटा नाय बोलला बाय. त्याचा शेवटचा सांगना व्हता. मना उशिरा पोचला."

आता यातलं काय धरायचं? मेंदूतल्या त्या पेशींनी शेवटचा निरोप तसाच सांभाळून ठेवला आणि बरगडीवर पाणी पडल्यावर तोच पुन्हा दिला? की ओल्या कुशीमुळे पाय गार लागला आणि जागा नानांनी आठवणीतून, स्वतःच्या नकळत जोडली? की चांगूबाय म्हणतात तसं, पावसात बांध कुठेही गळतो? मी सरांना पुन्हा पत्र लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं, 'मीही गोंधळलो आहे.' एवढंच. मला ते पत्र फार आवडलं.

पुढच्या उन्हाळ्यात नाना गावी गेलेच. सुनंदाने विरोध सोडला, कारण नानांनीच मागणं बदललं होतं. "बांद बगायला नाय जात," ते तिला म्हणाले. "बांद पोरं बगतील, मी त्यांना शिकवीन. मी माज्या घरी जातो." चांगूबायला मी कूस बदलायला, लघवीची नळी साफ ठेवायला शिकवलं. त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं केलं. पाठीला एकही जखम नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. श्रावण सरत आला होता, ऊन-पावसाचे दिवस. पेणहून गावात जाणाऱ्या टमटममध्ये बसले आणि घरी पोचले तर दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "नाना बांदावर. पोरांनी खुर्ची नेली उचलून."

बांधाच्या पायथ्याशी चपलांची रांग लागली होती. मी माझ्या काढून हातात घेतल्या आणि वर चढले. भरती लागली होती, एका बाजूला खाडी तुडुंब, दुसरीकडे हिरवागार भात, आणि मध्ये मोठ्या उघाडीजवळ लाकडी खुर्चीत नाना. पिकलेली मिशी, अंगात बंडी. सोबतची माणसं पुढे फळ्या बघायला गेली होती. मी जवळ गेले तसे ते आधी माझ्या पायांकडे बघून हसले.

"काय लागतंय बाय? मऊ का घट्ट?"

मी टाच दाबून बघितली. खरंच लक्ष देऊन बघितली. "समजत नाही हो नाना."

"समजंल," ते म्हणाले. "जरा ह्या पायाखालची मूठभर माती दे मना."

मी वाकून माती उचलली, ओली, थंड. मला वाटलं ते चोळून बघतील, काही सांगतील. त्यांनी बंडी वर केली आणि ती माती डाव्या बरगडीवर, बगलेच्या चार बोटं खाली, तळहाताने दाबून धरली. मग डोळे मिटले. समोर तेच दोन पाय, खुर्चीच्या फळीवर, कोरडे, त्यांच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"नाना," मी हळूच म्हटलं.

"बोलू नको गो," ते डोळे न उघडता म्हणाले. "हुबा हाय मी."

मी काही विचारलं नाही, काही तपासलं नाही. खाली टमटमवाला हाका मारत होता, शेवटची फेरी होती त्याची. चपला हातात धरून, नाना जितका वेळ उभे होते तितका वेळ मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले.